कुटुंबाची चौकट : औद्योगिक पट्ट्यातील कुटुंब-छायाचित्र आणि मराठी समीक्षा

१

मराठी कादंबरीच्या समीक्षेत 'एकत्र कुटुंब', 'विभक्त कुटुंब', 'कुटुंबसंस्थेचे विघटन' ही पदे आता इतकी रुळली आहेत, की त्यांचा उच्चार होताच विवेचन पूर्ण झाले असा समज होतो. औद्योगिकीकरणामुळे खेड्यातील एकत्र कुटुंब मोडले, माणूस शहरात एकाकी झाला, नातेसंबंध व्यवहारी बनले, हे सूत्र पदव्युत्तर वर्गाच्या टिपणांतून आणि प्रबंधांच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणांतून सातत्याने पुनरावृत्त होत असते. ते सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. परंतु ते बाहेरून केलेले विधान आहे. ज्या कुटुंबांविषयी ते केले जाते, त्यांनी स्वतःविषयी काही म्हटले आहे काय, हा प्रश्न त्यात सहसा विचारला जात नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यापुरता हा प्रश्न विचारला, तर एक उत्तर अगदी हाताशी असते. कामगारवस्तीतील खोलीच्या भिंतीवर, दाराच्या वरच्या बाजूस किंवा दूरदर्शन संचाच्या डोक्यावर एक चौकट असते. तीत एक पुरुष आणि एक स्त्री खुर्च्यांवर बसलेली असतात, मुले पुढे किंवा मांडीवर असतात, म्हातारी आई मध्यभागी असते, आणि सर्वांच्या मागे रंगविलेल्या पडद्यावरचा जिना किंवा बाग असते. हे छायाचित्र कोणी चोरून टिपलेले नसते. वेळ ठरवून, ठेवणीतले कपडे घालून, पैसे मोजून ते काढून घेतलेले असते. औद्योगिक पट्ट्यातील कुटुंबाने स्वतःविषयी केलेले ते एक विचारपूर्वक विधान आहे.

मराठीच्या अभ्यासकांनी या विधानाकडे दुर्लक्ष केले, याला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे ते शब्दांत नाही. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, म्हणजे ते 'मांडून' केलेले आहे. आणि जे मांडून केलेले ते कृत्रिम, म्हणून असत्य, असा संस्कार वास्तववादी अभिरुचीने आपल्या समीक्षेवर केलेला आहे. ही दोन्ही कारणे टिकणारी नाहीत, आणि या छायाचित्रांचे वाचन हे मराठीच्या अभ्यासकाचेच काम आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

२

महाराष्ट्रात छायाचित्रणकला आली ती फार लवकर. युरोपात तिची घोषणा १८३९ साली झाली. मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक, तर एल्फिन्स्टनच्या त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून दीर्घकाळ काम केले. म्हणजे यंत्र परकीय असले तरी यंत्रामागचा डोळा फार काळ केवळ परकीय राहिला नव्हता.

तथापि माणसाला यंत्रासमोर बसविण्याच्या दोन भिन्न रीती याच काळात सिद्ध झाल्या, हे लक्षात घ्यावयास हवे. पहिली रीत राज्यकर्त्यांची. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जे. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. त्यात माणसे आहेत, परंतु ती व्यक्ती म्हणून नव्हे, तर जाती-जमातींचे नमुने म्हणून. त्यांची वस्त्रे, अलंकार, हत्यारे दिसतील अशा बेताने त्यांना उभे केलेले आहे. तेथे 'हा कोण?' या प्रश्नाला 'हा अमुक जातीचा' एवढेच उत्तर अपेक्षित आहे. दुसरी रीत कुटुंबाची. सधन घरांनी स्वतःहून छायाचित्रकाराकडे जाऊन, किंवा त्याला वाड्यावर बोलावून, काढून घेतलेली समूहछायाचित्रे या रीतीत मोडतात. तेथे त्याच प्रश्नाचे उत्तर 'आम्ही अमुकांच्या घरचे' असे असते.

पहिल्या रीतीत माणसाला बसविले जाते. दुसऱ्या रीतीत माणूस बसतो. मराठी भाषेने हा भेद नेमका टिपलेला आहे. 'फोटो काढला' आणि 'फोटो काढून घेतला' या दोन प्रयोगांतील अंतर केवळ व्याकरणाचे नाही. 'काढून घेणे' यात कर्तेपण छायाचित्रकाराकडून कुटुंबाकडे येते. छायाचित्रकार हा गवंड्यासारखा वा शिंप्यासारखा कारागीर ठरतो आणि कल्पना घरच्यांची ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रविवर्म्याच्या चित्रांच्या रंगीत प्रती छापणारा छापखाना घाटकोपरहून लोणावळ्याजवळ मळवली येथे आला. पुढे ज्या लोहमार्गावर ही औद्योगिक वसाहत उभी राहिली, त्याच मार्गावरचे हे ठिकाण. देवादिकांना कमानी, जिने आणि बागा यांच्या पार्श्वभूमीवर पाहण्याची जी सवय अशा चित्रांनी घरोघर लावली, तिचेच एक सामान्य रूप स्टुडिओतील रंगीत पडद्यात उरले, असे म्हणता येईल. देवघरातील चौकट आणि कुटुंबाची चौकट यांचे हे नाते दूरचे नाही.

३

पिंपरी-चिंचवडमध्ये या दोन रीती एकत्र येतात, आणि म्हणूनच हा प्रदेश या अभ्यासासाठी महत्त्वाचा आहे.

पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतजमिनींवर कारखान्यांचे गाळे उभे राहू लागले. मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंचे चिंचवड १९७० साली नवनगरपालिकेचा आणि १९८२ साली महानगरपालिकेचा भाग झाले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सतरा लाखांवर गेली होती. कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या परिसरात १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तेव्हा हा पट्टा उत्तरेकडे आणखी लांबला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्राचा अवर्षणग्रस्त भाग, आणि पुढे उत्तर भारत, अशा अनेक ठिकाणांहून माणसे येथे आली. ती आली एकेकटी. कुटुंब मागून आले, किंवा काहींच्या बाबतीत आलेच नाही.

या माणसांपैकी अनेकांना कुटुंबाचे छायाचित्र काढून घेण्याचे पहिले कारण हौसेने नव्हे, तर कार्यालयाने दिले. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव नोंदविताना कामगाराने कुटुंबीयांची माहिती आणि कुटुंबाचे एकत्रित छायाचित्र द्यावयाचे असते. पूर्वीच्या ओळखपत्रावर ते चिकटविले जाई. अलीकडे संगणकावरून मुद्रित होणाऱ्या ओळखपत्रावरही ते लावून मालकाकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. चिंचवडच्या मोहननगरातील कामगार विमा रुग्णालयात वा दवाखान्यात खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या स्त्रीने 'मी अमुकाची पत्नी' असे म्हणणे पुरेसे नसते. चौकटीतील चेहरा आणि खिडकीतील चेहरा एक असावा लागतो.

म्हणजे मागणी राज्यसंस्थेची आहे, ओळख पटविण्याची आहे, आणि या अर्थी ती पहिल्या रीतीच्या कुळातली आहे. परंतु त्या मागणीला कामगाराच्या कुटुंबाने दिलेला प्रतिसाद दुसऱ्या रीतीचा आहे. कार्यालयाला केवळ चेहरे हवे असतात. कुटुंब मात्र ठेवणीतली साडी, इस्त्रीचा सदरा, मुलाच्या कपाळावर तीट आणि मुलीच्या केसांना नवी रिबीन घेऊन स्टुडिओत जाते. एकाच निगेटिव्हवरून पोस्टकार्ड आकाराची प्रत कार्डासाठी आणि मोठी प्रत भिंतीसाठी काढता येई. कार्डाची आणि भिंतीची छायाचित्रे अशी एका गर्भातून जन्मतात. दस्तऐवजाचे रूपांतर तसबिरीत करून घेण्याची ही कृती लहान दिसते. परंतु राज्यसंस्थेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता देता कुटुंबाने स्वतःचा एक वेगळा प्रश्न तेथे उभा केला आहे. 'आम्ही कोण आहोत हे तुम्हांला हवे आहे. आम्ही कसे दिसावे हे मात्र आम्ही ठरवू', असा त्याचा आशय आहे.

४

येथे 'कुटुंब' या शब्दाकडे वळणे भाग आहे, कारण या शब्दाचा अर्थ ठरविणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे आणि तेच काम कायदाही करीत असतो.

मराठीत 'कुटुंब' हा शब्द एकार्थी नाही. मागच्या पिढ्यांतील पुरुष 'आमचं कुटुंब माहेरी गेलं आहे' असे म्हणे, तेव्हा त्याला केवळ पत्नी अभिप्रेत असे. ग्रामीण बोलींत 'खटलं' हा शब्द आहे. 'मोठ्या खटल्याचं घर' म्हटले की चार भाऊ, त्यांच्या बायका, मुले, विधवा आत्या, सालगडी, गुरे असा सारा विस्तार डोळ्यांपुढे उभा राहतो. 'बिऱ्हाड' हा शब्द याच्या उलट. बिऱ्हाड हलते, बिऱ्हाड पाठीवर असते. त्यात भांडी-कुंडी आणि माणसे यांचा उल्लेख एकाच श्वासात होतो. औद्योगिक पट्ट्यातील कामगाराच्या बोलण्यात हे शब्द फार काटेकोरपणे वापरले जातात. वीस-वीस वर्षे भोसरीत वा चिखलीत राहिलेला माणूसही 'घरी जाऊन आलो' म्हणतो ते गावाविषयी, आणि येथील खोलीला 'रूम' म्हणतो. 'घर' तिकडे, 'बिऱ्हाड' इकडे, आणि 'कुटुंब' या दोहोंच्या मध्ये कोठे तरी ताणलेले, अशी ही स्थिती आहे.

विमा योजनेच्या १९४८ च्या कायद्याने कुटुंबाची जी व्याख्या केली, ती या ताणाला रेषा घालते. तीनुसार पती वा पत्नी, विमाधारकावर अवलंबून असणारी अज्ञान मुले, शिकत असलेला मुलगा विशिष्ट वयापर्यंत, अविवाहित मुलगी, अपंग अपत्य आणि अवलंबून असलेले आईवडील यांचा समावेश कुटुंबात होतो. २०१० च्या दुरुस्तीने, विमाधारक अविवाहित असेल आणि त्याचे आईवडील हयात नसतील, तर अज्ञान भाऊ-बहिणींनाही त्यात स्थान दिले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, स्त्री-कर्मचाऱ्याच्या सासू-सासऱ्यांनाही कुटुंबात घेतले. व्याख्या रुंदावत गेली आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु कोणतीही व्याख्या म्हटली की तिला कड असते, आणि कडेबाहेर कोणी तरी उभे असते.

कडेबाहेर कोण उभे असते? थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर धाकट्या दिराकडे राहणारी भावजय. शिक्षणासाठी काकाच्या बिऱ्हाडी आलेला पुतण्या. नवऱ्याने टाकलेली बहीण. म्हणजे खेड्यातील खटल्यात ज्यांचा भार सर्वांनी मिळून उचलला जाई आणि शहरात जो भार एकट्या कामगारावर येऊन पडला, नेमकी तीच माणसे. छायाचित्रकार जेव्हा 'कार्डासाठी हवाय ना? मग तेवढेच या' असे म्हणतो, तेव्हा स्टुडिओच्या बाकावर जी माणसे बसून राहतात, त्यांच्यासाठी मराठी कादंबरीकाराने अजून पुरेशी जागा केलेली नाही. चौकटीत कोण आहे हे पाहणे ही छायाचित्रवाचनाची पहिली पायरी. बाकावर कोण राहिले हे विचारणे ही दुसरी, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक जवळची.

चाकण परिसरात आणखी एक वर्ग दिसतो. शिकाऊ उमेदवार म्हणून आलेला विशीतला तरुण एका खोलीत पाच-सहा जणांसह राहतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आलेल्यांना विमा कायद्याने कर्मचारी मानले नव्हते. त्याच्याकडून कोणी कुटुंबाचे छायाचित्र मागत नाही. मागितले जाते ते एकट्याचे, पासपोर्ट आकाराचे, गळ्यातल्या ओळखपत्रापुरते. विघटित कुटुंबाविषयी जे सूत्र पाठ करून सांगितले जाते, त्याचे खरे चित्र कदाचित या लहानशा चौकोनात आहे. तेथे कुटुंब तुटलेले नाही. त्याची गरजच कोणाला वाटलेली नाही.

५

कायद्याची चौकट आणि कुटुंबाची चौकट यांतील अंतर समजून घेण्यासाठी एका सुप्रसिद्ध छायाचित्राकडे पाहणे उपयुक्त ठरेल. फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या 'राजगृह' या निवासस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंबासह काढलेले छायाचित्र महाराष्ट्रातील असंख्य घरांत आहे. त्यात बाबासाहेब आहेत, पत्नी रमाबाई आहेत, पुत्र यशवंत आहे. परंतु तेवढेच नाहीत. थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे, आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे. पुढच्याच वर्षी, मे १९३५ मध्ये, रमाबाईंचे निधन झाले. त्यामुळे या छायाचित्राला एक निराळे कारुण्य प्राप्त झाले. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते भावजय आणि पुतण्या यांचे तेथे असणे. नव्या, स्वकष्टाने बांधलेल्या वास्तूत काढलेल्या या छायाचित्रात कुटुंबाची मर्यादा रक्तसंबंधाच्या अगदी जवळच्या वर्तुळावर थांबत नाही. जबाबदारी जेथवर पोचते तेथवर ती जाते.

या छायाचित्राचा औद्योगिक पट्ट्याशी संबंध केवळ ते तेथील घरांत आहे एवढाच नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे १९४३ मध्ये सोपविण्यात आले आणि त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला, तो याच काळात. त्या अहवालातून पुढे १९४८ चा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्षात सुरू झाली. सुरुवातीस वैद्यकीय लाभ विमाधारक कामगारापुरताच होता; कुटुंबीयांपर्यंत तो नंतर गेला. म्हणून कायद्यातील कुटुंबाच्या व्याख्येचे श्रेय वा दोष कोणा एका व्यक्तीकडे देता येणार नाही. परंतु एक गोष्ट निश्चित म्हणता येते. ज्या भिंतीवर 'राजगृहा'तील ते छायाचित्र टांगलेले असते, त्याच भिंतीवर विमा कार्डाच्या निमित्ताने काढलेले छायाचित्रही असते. एक कुटुंब कसे असावे हे सांगते, दुसरे कुटुंब कोणाला म्हणावे हे सांगते. या दोन चौकटींमधले वीतभर अंतर हा समाजशास्त्राइतकाच वाङ्मयाचाही विषय आहे.

दलित आत्मकथनांचे वाचन करतानाही हे अंतर ध्यानात ठेवणे इष्ट होय. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) यांसारख्या पुस्तकांनी मराठीला कुटुंबाची जी शब्दचित्रे दिली, ती बहुतांशी अशा घरांची आहेत, की ज्यांच्या पूर्वजांना कोणा छायाचित्रकाराने कुटुंब म्हणून बसविण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. बसविले असेल तर ते नमुना म्हणून. या पार्श्वभूमीवर पुढच्या पिढीने स्टुडिओत जाऊन काढून घेतलेले छायाचित्र हे केवळ हौसेचे राहत नाही. पूर्वजांना न मिळालेल्या जागेवर केलेला तो हक्क आहे.

६

आता कृत्रिमतेच्या आक्षेपाचा विचार करू. स्टुडिओतील छायाचित्र खोटे असते, कारण जिना खरा नसतो, बाग खरी नसते, गळ्यातला अलंकार प्रसंगी उसना असतो आणि चेहऱ्यावरचे गांभीर्य छायाचित्रकाराच्या 'हलू नका' या आज्ञेतून आलेले असते, असे म्हटले जाते. नैसर्गिकपणे, बेसावध क्षणी टिपलेले छायाचित्रच खरे, हा या आक्षेपामागचा गृहीत सिद्धान्त आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी छायाचित्रणाच्या सामाजिक उपयोगांवरील आपल्या १९६५ च्या ग्रंथात ग्रामीण कुटुंबांच्या छायाचित्रांचा विचार करताना, यंत्राकडे तोंड करून ताठ बसण्याचा अर्थ स्पष्ट केला आहे. समोरून पाहणे म्हणजे आदर देणे आणि आदर मागणे. बेसावध दिसणे ही प्रतिष्ठा ज्यांना आधीच प्राप्त झालेली आहे त्यांची चैन आहे. जो अजून मान मागतो आहे तो सावधच दिसणार. जॉन बर्जर यांनी ऑगस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकाराच्या १९१४ मधील तीन शेतकरी तरुणांच्या छायाचित्रावर लिहिताना याची दुसरी बाजू दाखविली आहे: वरिष्ठ वर्गाचा पोशाख श्रमाने घडलेल्या शरीरावर बसत नाही आणि त्या विसंगतीतून वर्गसत्ता दृश्य होते. दोन्ही निरीक्षणे पिंपरीच्या स्टुडिओला लागू पडतात. परंतु त्यांपैकी कोणतेही एक संपूर्णतः लागू पडत नाही.

त्याहून जवळचा आधार क्रिस्टोफर पिनी यांच्या 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या ग्रंथाचा आहे. मध्य प्रदेशातील नागदा हे कारखान्याभोवती वाढलेले गाव आणि त्याचा परिसर हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय. तेथील स्टुडिओत माणसे आपण जसे आहोत ते नोंदवायला जात नाहीत. आपण काय होऊ शकतो हे पाहायला जातात, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. रंगीत पडदा हा फसविण्यासाठी नसतो, कारण त्याने कोणीच फसत नाही. नाटकाच्या पडद्यावरचे अरण्य पाहून प्रेक्षक जसा फसत नाही, तसेच हे. ज्या मराठी समाजाला संगीत नाटकाचा रंगविलेला दरबार खोटा वाटला नाही, त्याच्या समीक्षकाला स्टुडिओतील जिना खोटा वाटावा, ही नवलाची गोष्ट आहे.

वस्तुतः छायाचित्रकार तेथे सूत्रधाराचे काम करीत असतो. मधली खुर्ची कोणाला द्यावयाची, सासू आणि सून यांच्यामध्ये किती अंतर ठेवावयाचे, थोरल्या मुलाने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवावा की खुर्चीच्या पाठीवर, मनगटावरचे घड्याळ दिसेल असा हात कसा ठेवावा, हे सर्व तो ठरवितो. पण घरच्यांना विचारल्याशिवाय नव्हे. 'काका, मान थोडी वर', 'ताई, पदर सारखा करा' या सूचनांत नात्यांची एक संपूर्ण व्यवस्था गृहीत धरलेली असते. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवून चेहऱ्यावरचे व्रण काढले जात, कृष्णधवल प्रतीवर हाताने रंग भरले जात; कैलासवासी वडिलांचा जुना फोटो कुटुंबाच्या समूहात जोडून दिला जाई. मृत माणसाला जिवंतांच्या रांगेत बसविणे हे वास्तवाच्या कसोटीवर असत्य खरे. परंतु श्राद्धाच्या पानावर पितरांना बोलावणाऱ्या समाजात ते असत्य नव्हे. रोलां बार्थ यांनी 'कॅमेरा लुसिडा' या १९८० च्या ग्रंथात छायाचित्राची मृत्यूशी जी सांगड घातली, ती मराठी माणसाला ग्रंथ न वाचताही परिचित आहे. 'भिंतीवरचा फोटो होणे' या बोलण्यात ती आधीपासूनच आहे.

याचा अर्थ या छायाचित्रांचे उदात्तीकरण करावे असा नाही. मांडणी ही सत्तेचीही असते. मधली खुर्ची सहसा पुरुषाची असते. उभी राहते ती सून. चौकटीतील ऐक्य हे घरातील भांडण, मारहाण, कर्ज, बंद पडलेला कारखाना यांपैकी काहीच सांगत नाही. स्त्रीच्या स्थिर चेहऱ्यामागे समाधान आहे की थकवा, हे चित्रावरून ठरविणे धाडसाचे होईल. म्हणूनच छायाचित्र एकटे वाचता येत नाही. त्याच्यासोबत ते सांगणाऱ्याचे शब्द हवेत.

७

आणि येथेच मराठीच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. कुटुंबाचे छायाचित्र हे मुके नसते. पाहुण्याच्या हातात ते दिले की घरातील स्त्री बोटाने एकेक चेहरा दाखवीत बोलू लागते: हा कोण, ती कोणाची, तेव्हा मी कितव्या महिन्यात होते, ही साडी कोणाकडून आणली होती, आणि हे नाहीत कारण त्यांची दुसरी पाळी होती. हे कथन आहे. त्याला क्रम आहे, विराम आहेत, टाळलेली नावे आहेत. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मकथनाला 'स्मृतिचित्रे' हे नाव दिले, तेव्हा चित्र आणि आठवण यांचे जे नाते त्यांनी सुचविले, त्याचाच हा मौखिक अवतार होय. छायाचित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख, स्टुडिओचा शिक्का, गावी पाठविताना लिहिलेला 'ती. आईस सा. न.' असा मायना, हीसुद्धा मराठी गद्याचीच उदाहरणे आहेत.

कामगाराच्या वाङ्मयीन प्रतिमेविषयीही यातून काही हाती लागेल. मराठी समीक्षेने कामगार पाहिला तो प्रामुख्याने मुंबईच्या गिरणगावातला. मोर्चातला, संपातला, समूहातला. नारायण सुर्वे यांच्या कवितेने त्याला घर दिले, शाळेच्या नोंदवहीत बापाचे नाव काय लिहावे या प्रश्नापुढे उभी असलेली आईही दिली. कुटुंब आणि कार्यालयातील रकाना यांचा संघर्ष त्या कवितेने फार पूर्वी ओळखला होता. तो धागा पिंपरी-चिंचवडच्या संदर्भात पुढे नेला गेला, असे म्हणवत नाही. २०१६ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. संमेलने भरतात आणि उठतात. शहराचे वाङ्मयीन स्वत्व मात्र त्या शहरातील माणसे स्वतःकडे कशी पाहतात, यातून घडते.

या कामाला आता फार अवधी उरलेला नाही. भ्रमणध्वनीने स्टुडिओची गरज संपविली आहे. छायाचित्रे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक काढली जातात. पण 'काढून घेतली' जात नाहीत. मधली खुर्ची कोणाची, हा प्रश्न हातभर लांबवरून स्वतःच टिपलेल्या चित्रात उद्भवत नाही; जो यंत्र धरतो तो पुढे, बाकीचे मागे, असा नवा क्रम तेथे आपोआप लागतो. चौकाचौकांतील वाढदिवसाच्या फलकांवर चेहऱ्यांची जी उतरंड दिसते, तिचेही एक व्याकरण आहे, आणि कोणी ते पुढे वाचीलही. परंतु जुन्या स्टुडिओंतील निगेटिव्हच्या पेट्या दुकान बदलताना रद्दीत जातात. खोली बदलताना चौकटीची काच फुटते. छायाचित्रातील म्हातारी गेली, की चेहऱ्यांची नावे सांगणारे कोणी उरत नाही.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण येथील महाविद्यालयांच्या मराठी वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी याच कुटुंबांतील आहेत. त्यांना लघुप्रबंधासाठी पुन्हा 'ग्रामीण कादंबरीतील कुटुंबचित्रण' हा विषय देण्यापूर्वी, एकदा स्वतःच्या घरातील भिंतीवरची चौकट उतरवून आईकडून वा आजीकडून तिचे कथन ऐकून घ्यावे आणि ते तिच्याच बोलीत लिहून आणावे, असे सांगून पाहावयास हरकत नाही. घरच्यांची अनुमती असेल तेवढेच वर्गात आणावे, नावे झाकावीत, जे सांगावयाचे नाही ते न सांगण्याचा त्यांचा अधिकार मानावा. अशी शंभर कथने जमली, तर औद्योगिक पट्ट्यातील कुटुंबाविषयी आज केल्या जाणाऱ्या विधानांपैकी काही टिकतील, काही टिकणार नाहीत. मात्र मौखिक कथनाची अशी संहिता मराठी विभागाने जमविली नाही तर ती दुसरे कोणी जमविण्याची शक्यता कमी आहे. कारण कार्यालयाला फक्त चेहरे हवे असतात.

त्या कथनांत एक प्रश्न मात्र आवर्जून विचारला जावा. छायाचित्रात कोण आहे हे सांगून झाले, की त्या दिवशी स्टुडिओच्या बाकावर कोण बसून राहिले होते, हेही विचारावे. मराठी कादंबरीने पुढे ज्या माणसांकडे वळावे, त्यांपैकी काहींची नावे बहुधा त्या उत्तरात सापडतील.